गोटीसोडावाल्या मामांना, ताईच्या लग्नातल्या आल्याच्या बियरबद्दल

मामा,

ताई सासरी गेली, मांडव निघाला, पाहुणे पण परतले, तरी तुमचा विषय निघाला की आईचा गळा भरून येतो, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय.

घरात माळकरी माणसं, त्यामुळं खरी बियर लग्नात आणायचा प्रश्नच नव्हता. पण ताईची लई इच्छा, की पाहुण्यांच्या हातात ते पावडरचं केशरी पाणी नको, घरीच आलं-गूळ आंबवून केलेली, फसफसणारी आल्याची बियर द्यायची, आपल्या कोल्हापुरी गुळातली. विरजण मस्त धरलं होतं, सालीसकट किसलेलं आलं, गूळ, पाणी, रोज थोडं थोडं खायला घालायचं, बुडबुडे सुटले की समजायचं यीस्ट जागं झालं. अडलं ते बाटल्यांवर. ज्यानं काचेच्या बाटल्या दिल्या त्यानं पैसे आधी मोजून घेतले आणि म्हणाला, बिनधास्त भरा, काय होत नाही. दुसरा एक तर, लग्नात बियर काढालाय व्हय, म्हणून चारचौघांत हसला, त्यानं पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

तुम्ही बाटली उजेडात धरलीत आणि म्हणालात, "ही सरबताची हाय, गॅस धरायची न्हाई, मांडवात पोरं असत्यात." मे महिन्याच्या उकाड्यात बंद बाटलीत गॅस किती झपाट्यानं कोंडतो हे पैसे घेणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही, तुम्ही फुकट सांगितलं. मग कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्या धुऊन भरल्या, दाबून बघायचं, दगडासारखी लागली की लगेच बर्फात. एकही फुटली नाही.

पण माझ्या मनातनं जात नाही ती गोष्ट वेगळीच. आजी दारात बसलेली, गळ्यात तुळशीची माळ, आणि तुम्ही हळूच विचारलंत, "मग म्हातारी काय पिणार?" मी म्हटलं, तिला लिंबू सरबत करू. कारण आंबवलं की अल्कोहोलचा अंश येतोच, दोन-तीन दिवसांच्या आल्याच्या बियरमध्ये अगदी थोडा, पण माळ घातलेल्या माणसाला अंश म्हणजे अंश. तुम्ही काही बोलला नाही. लग्नादिवशी सकाळी क्रेट घेऊन दारात हजर. ताजं आलं, गूळ, लिंबू, विरजणाचा थेंब नाही, तुमच्या मशीनवरचा गॅस भरलेला, गोटीच्या बाटलीत. आजीला आणि तिच्या भजनी मंडळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पुरेल एवढं! तोच रंग, तोच फेस. नातीच्या लग्नात आजीला बाजूला बसून वेगळं काही प्यावं लागलं नाही हो मामा. अंगठ्यानं गोटी तिनं स्वतः आत ढकलली आणि काय हसली!

ती बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केली असं नंतर वाचलं, आतला गॅसच गोटीला रबरावर दाबून धरतो म्हणे. एवढी जुनी वस्तू तुम्ही अजून घासूनपुसून वापरताय, माणसांशी पण तसंच वागताय. ॲडव्हान्स घेऊन फोन न उचलणारे या लग्नात पुष्कळ भेटले, पण कुणी न सांगता दुसऱ्याच्या घरातल्या म्हातारीचा विचार करणारे तुम्ही एकटे.

पैसे विचारले तर "आहेर समजा" म्हणालात. तेवढ्यावर भागणार नाही. रिकामा क्रेट घेऊन रविवारी मी आणि आई घरी येतोय, मामींना सांगून ठेवा. ताईनं तुमच्यासाठी पूर्ण पोशाख घेतलाय, नको म्हणायचं नाही.

तुमचा भाचाच समजा,
नवरीचा भाऊ