वनमंत्र्यांना खुले पत्र : प्रशिक्षण मार्चच्या हॉलमध्ये नको, हंगामाच्या जंगलात द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सेवा जोहार.

गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला मात्र 27 एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाच्या केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना गावात यावे लागले. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. हक्क द्यावा की न द्यावा हा वाद वनहक्क कायद्याने मिटवला. उरले आहे ते जंगल सांभाळण्याचे रोजचे काम. त्यासाठी लागणारे वनशास्त्र गावापर्यंत ज्या पद्धतीने पोहोचवले जाते, त्याबद्दल हे पत्र आहे.

अडचण वेळापत्रकापासून सुरू होते. प्रशिक्षणाचा निधी बहुधा फेब्रुवारीत सुटतो आणि 31 मार्चपूर्वी खर्च दाखवायचा असतो. म्हणून कार्यशाळा मार्चमध्ये, तालुक्याच्या ठिकाणी, सकाळी अकराला. त्या दिवसांत गोंड आणि माडिया गावांतली माणसे, विशेषतः बाया, पहाटेपासून मोहाखाली असतात. हॉलमध्ये येतात ते ज्यांना मोह वेचायचा नसतो ते. मोह, तेंदू, चारोळी ही कामे मुख्यतः ज्या करतात त्या येतच नाहीत, आणि हजेरीपट मात्र भरलेला असतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश महिला असाव्यात असे वनहक्क नियम 2012 पासून सांगतात. प्रशिक्षणाला अशी अट कुणी घातलेली नाही.

दुसरे असे, की मार्चमध्ये शिकवलेले बहुतेक काही तेव्हा करता येत नाही. बांबूचे उदाहरण घ्या.

बांबूची रांजी, म्हणजे बेट, बाहेरच्या बाजूने वाढते. जमिनीखालचा कंद पुढे सरकतो, दर पावसाळ्यात कडेला नवे वास्ते, म्हणजे कोंब, फुटतात, म्हणून कोवळे बांबू कडेला आणि जुने मध्यभागी असतात. तोडणाऱ्याला नगावर मजुरी मिळत असेल तर तो हाताला लागेल तो, म्हणजे कडेचा, म्हणजे नेमका कोवळा बांबू तोडणार. आत शिरायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. दोन-तीन तोडी अशा झाल्या की मधला गठ्ठा वाळतो, एकमेकांत अडकतो, आणि रांजी आतून मरायला लागते. मग अहवालात लिहिले जाते की गावकऱ्यांनी अतितोड केली. खरा दोष मजुरीच्या दरात असतो.

बरोबर पद्धत अवघड नाही, पण ती रांजीसमोर उभे राहूनच कळते. चालू पावसाळ्यातला बांबू ओळखायचा तो पेरांना चिकटलेल्या वाळक्या सालपटांवरून आणि अंगावरच्या पांढुरक्या भुकटीवरून. त्याला हात लावायचा नाही. दोन वर्षांपेक्षा कमी वयाचा एकही तोडायचा नाही. नवे सगळे राखून शिवाय निदान आठ जुने बांबू रांजीत पसरून ठेवायचे, कारण वाऱ्यात नव्याला आधार त्यांचाच असतो. काप जमिनीपासून 15 ते 45 सेंटीमीटर उंचीवर, पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर घ्यायचा. पेराच्या बऱ्याच वर कापला तर पोकळ नळीत पाणी साचते आणि कूज खाली कंदापर्यंत जाते. फार उंच कापला तर खुंटांचे कुंपण तयार होते आणि पुढच्या खेपेला आत शिरताच येत नाही. रांजी फार दाटली असेल तर घोड्याच्या नालेसारखी, एका बाजूने वाट काढत मध्यापर्यंत जायचे. ही वाट नवे वास्ते फुटतात त्याच्या विरुद्ध बाजूला हवी. तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते. म्हणजे हे शिकवण्याचे दिवस ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. मार्चमध्ये कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग, तोडून झालेला असतो, आणि हॉलमधल्या पंख्याखाली बांबूचे वय ओळखता येत नाही.

इथे खात्याने करण्याजोगी गोष्ट एकच: तोडीच्या दरपत्रकात रांजी साफ करण्याची मजुरी वेगळी धरा, नगाच्या दरात मिसळू नका. ग्रामसभा स्वतः तोड करते तिथे ती हे ठरवू शकते, पण तिला नमुना दरपत्रक कुणीतरी दाखवावे लागते. आज दाखवले जाते ते जुने, नगावरचेच.

तेंदूचेही मूळ तारखेतच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची खुरटी झुडपे जमिनीलगत धारदार हत्याराने छाटली की मुळावरून धुमारे फुटतात आणि साधारण 40 ते 45 दिवसांत बिडीला चालेल असे मऊ, मोठे पान मिळते. ही खुटकटाई. तिला मजुरी लागते, आणि ती मजुरी ठेकेदाराच्या आगाऊ रकमेतून येते. ग्रामसभेचा लिलाव डिसेंबर-जानेवारीत झाला तर ही रक्कम करारात घालता येते. लिलाव मार्चअखेर गेला तर खुटकटाईचा हंगाम निघून गेलेला असतो, आणि पान आणण्याचा एकच स्वस्त उपाय उरतो : काडी. आगीनंतरही धुमारे येतात, म्हणून ती फायद्याची वाटते. पण त्याच आगीत मोहाची, चारोळीची, बीजा या झाडाची वीतभर रोपे जातात, आणि ती परत लावायला कुणीही येत नाही. गावाला “आग लावू नका” असे फलक देण्यापेक्षा लिलाव वेळेत व्हावा म्हणून गावांना गटाने मदत केली तर जास्त जंगल वाचेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. पानाचा हिशेबही त्याच वेळी शिकवावा. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांचा एक मानक बोरा. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडा मोजून घेताना जोडपान, फाटके पान आणि ओले पान यांवरून जी घासाघीस होते, तिथे गावाच्या मुन्शीला नियम माहीत असणे म्हणजे थेट पैसे.

मोहाखालची आग वेगळ्या कारणाची. वाळक्या पानांत फूल दिसत नाही म्हणून पाला जाळतात. उपाय दोन आहेत. फूल गळायच्या आधी झाडाच्या पसाऱ्याएवढे वर्तुळ झाडून पाला बाहेर कुजायला टाकणे, हा एक. झाडाखाली कमरेच्या उंचीवर जाळी बांधणे, हा दुसरा. जाळीत फूल स्वच्छ मिळते, माती लागत नाही, खाण्यासाठी विकता येते. पण एका मोठ्या मोहाला मोठी जाळी लागते आणि गुरे ती फाडतात, तेव्हा सरसकट वाटप करू नका. आधी ज्या झाडांवर कुटुंबांची रूढ वाटणी ठरलेली आहे अशीच द्या, म्हणजे सांभाळणारे कुणीतरी असेल. आणि जाळी फेब्रुवारीत पोहोचली पाहिजे. एप्रिलमध्ये मिळालेली जाळी घराच्या कुंपणाला जाते.

आग लागल्यावर कळवण्याची सोयही गावाकडे वळवता येईल. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून येणारे आगीचे इशारे कुणीही नोंदणी करून मोबाइलवर मिळवू शकतो. वनरक्षकाकडे ते जातात. सामूहिक वनहक्काच्या समितीतल्या दोघांचे नंबर त्यात घालायला खर्च शून्य. मात्र मर्यादाही सांगायला हवी : या इशाऱ्यातला एक ठिपका 375 मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे 14 हेक्टरचा असतो, आणि उपग्रह गेल्यावर काही तासांनी तो मिळतो. संध्याकाळी लागलेली छोटी आग त्यात सुटू शकते. त्यामुळे 15 फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा, साफ असणे हे मोबाइलपेक्षा आधीचे काम.

आता आराखड्यांबद्दल. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने संवर्धन व व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो समितीला आवश्यक वाटेल त्या बदलांसह वनविभागाच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलातल्या कामांच्या खात्याच्या आराखड्याशी, जोडायचा. प्रत्यक्षात अनेक आराखडे बाहेरून छापून येतात. ओळखायची खूण सोपी: शेजारच्या दोन गावांच्या आराखड्यांत वनस्पतींची यादी अक्षरशः सारखी असते, एका गावात नाला आहे आणि दुसऱ्यात नाही तरी. असा आराखडा कपाटात राहतो, कारण त्यातला एकही आकडा गावातल्या कुणी मोजलेला नसतो.

मोजणी गावातल्या दहावी शिकलेल्या मुलामुलींना दोन दिवसांत जमते. दोरीने 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन टाकायचा. कर्ण 14 मीटर 14 सेंटीमीटर भरला की चौकोन बरोबर. उतारावर दोरी जमिनीला टेकवायची नाही, आडवी ताणायची, नाहीतर चौकोन लहान पडतो आणि झाडांचा हेक्टरी आकडा चुकतो. 30 सेंटीमीटरपेक्षा जास्त घेराची झाडे 1.37 मीटर उंचीवर मोजायची. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. त्याच चौकोनात एका कोपऱ्यात 5 बाय 5 मीटरमध्ये रोपटी, आणि आत 1 बाय 1 मीटरमध्ये नवी उगवण. चार वर्षांपूर्वी मोहाखाली एकही रोप नव्हते आणि आता आहे की नाही, एवढे जरी कळले तरी गाव चराईबंदी कुठे करायची ते स्वतः ठरवते. आकडे गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक घराच्या, भिंतीवर लागले पाहिजेत. विभागाच्या संगणकात गेलेली आणि परत न आलेली मोजणी दुसऱ्यांदा कुणी करत नाही.

सीमेचा घोळ मात्र गावाला एकट्याने सुटणारा नाही. हक्काच्या दाखल्यावर कक्षांचे, म्हणजे वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या भागांचे, क्रमांक असतात, गावाची रूढ हद्द नाला आणि डोंगरधारेवरून जाते, आणि एकाच कक्षात दोन गावे बसतात. जुन्या नकाशाचे आणि जीपीएसचे संदर्भमापन (मोजणीचा आधार) वेगळे असेल तर रेषाच सरकते. दाट छत्राखाली जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटे थांबून सरासरी घ्यावी लागते. ही फेरी वनरक्षक, दोन्ही गावांच्या समित्या आणि जाणते वडीलधारे यांनी एकत्र चालली तरच मान्य होते. निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या जंगल-वापराच्या जुन्या हक्कांच्या नोंदीची, प्रत त्या दिवशी हातात असावी. ती मिळवताना गावाचे तलाठ्याकडे हेलपाटे होतात, आपल्या एका पत्राने ते वाचतील.

एक गोष्ट सावधपणे करण्याची आहे. औषधी वनस्पती, पुजाऱ्याचे ज्ञान, पंडुमाच्या (नवे फळ खायला सुरुवात करण्याच्या सणाच्या) आधी कोणते फळ खायचे नाही याचे नियम, हे सगळे लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवायचा उत्साह असतो. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ट) ने या ज्ञानावर समुदायाचा हक्क मानला आहे. तेव्हा संशोधकाचा अर्ज आधी ग्रामसभेत वाचला जावा, भाषांतर गोंडीत किंवा माडियात व्हावे, ठराव लेखी व्हावा, आणि काही पाने बंद ठेवण्याची मुभा गावाला असावी. पंडुमाचे नियम वनशास्त्रालाही उपयोगी आहेत. चारोळी हिरवी असताना ओरबाडली तर आतला दाणा भरत नाही, भाव पडतो आणि बीही वाया जाते. पिकून काळसर होईपर्यंत थांबायचा गावाचा जुना नियम मोडला तो शेजाऱ्याने आधी नेऊ नये या घाईने. त्यावर उपाय शेजारच्या गावांनी मिळून एक तारीख ठरवणे. हे काम प्रशिक्षकाचे नाही, पण त्यांना एकत्र बसवण्याचा प्रवासखर्च प्रशिक्षणाच्या निधीतून द्यायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. सामूहिक वनहक्क गावांच्या प्रशिक्षणाचा निधी सप्टेंबरअखेर जिल्ह्याला मिळावा आणि त्यातला निम्मा भाग जंगलातच, त्या त्या कामाच्या हंगामात खर्च करण्याची अट असावी. वनरक्षक आणि गावची समिती यांचे प्रशिक्षण वेगळे न घेता एकाच जंगलात एकत्र घ्यावे. चंद्रपूर वन अकादमीच्या अभ्यासक्रमात अशा गावात राहून करण्याचे किमान काही दिवस असावेत. गोंडी, माडिया, मेळघाटात कोरकू, यवतमाळमध्ये कोलामी बोलणाऱ्या तरुणांना दुभाषी म्हणून रोजाने मानधन मिळावे. आज ते काम “गावातलाच आहे” म्हणून फुकट करून घेतले जाते. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेकडे डिंक, बांबू आणि रोपवाटिकेवर जे काम आहे, त्यातले निवडक मराठीत आणि चित्रांत छापून घ्यावे. कुलूच्या झाडाला डिंकासाठी खोल घाव घातले की ते झाड मरते, एवढे एक पान जरी गावोगाव गेले तरी चालेल. आणि कार्य आयोजना तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने ग्रामसभेच्या आराखड्यातले काय घेतले, काय सोडले आणि का, हे लेखी कळवावे.

यंदाची बांबूतोड सुरू होण्यापूर्वी नवे दरपत्रक निघाले, तर पहिला बदल याच हंगामात करता येईल. नमुना दरपत्रक आणि चौकोन मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे.

आपले,
गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांना वनव्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते