न ढकलणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही म्हणाला होता, मला मराठी चार शब्दांपुरती येते, पण लेक शाळेत शिकते, ती वाचून दाखवेल. म्हणून हे पत्र मराठीतच लिहितेय. लेकीला सांगा, शब्द अडला तर थांब, मग पुढं जा, घाई नाही. तुमचे ते चार शब्द मला अजून ऐकू येतात: हळू, घाई नाही, चांगलं.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. नोव्हेंबरमधली ती सकाळ आठवली की ओळखाल. मॉरिशसमधल्या रिव्हिएर न्वारच्या धक्क्यावरून निघालेली तुमची दोन पोटांची शिडाची बोट, कराडहून आलेलं एक जोडपं, आणि डोलकाठीला पाठ लावून, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसलेली बाई. ती मी.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आम्हाला मॉरिशसला पाठवलं होतं. यांना पाण्याचं वेड. कृष्णेत पोहत मोठे झालेले, कराडच्या घाटावरून पलीकडं जाऊन परत यायचे. माझं उलट. मी आठ वर्षांची असताना नात्यातल्या एका मोठ्या माणसानं मला माहेरच्या विहिरीत ढकललं होतं. आमच्याकडची ती जुनी तऱ्हा आहे. पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून, चार घोट पाणी पिऊन ते शिकतंच, असं म्हणतात. पुष्कळ पोरं शिकतातही. माझ्या पाठीचा डबा सुटला. वर हिरवा उजेड दिसत होता आणि तो लांब लांब जात होता, एवढंच आठवतं. कुणीतरी केसांना धरून ओढलं. त्यानंतर डोक्यावरून पाणी घेताना मी कधी डोळे मिटले नाहीत.

तुमच्याकडं येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका बोटीनं गेलो होतो. तिथल्या माणसानं मास्क हातात दिला, घड्याळ दाखवलं आणि पाठीवर हात ठेवून पुढं लोटायला लागला. मी खाली बसले आणि रडले. हे पाण्यात उतरलेच नाहीत, माझ्याजवळ बसून राहिले. त्या रात्री मी ठरवलं होतं, उद्या यांना जाऊ द्यायचं, आपण बोटीतच बसायचं.

तामारँच्या खाडीत डॉल्फिन दिसले तेव्हा तुमच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळ्यांनी मोबाईल काढले, कुणीतरी ‘अजून जवळ घ्या’ म्हणालं. तुम्ही उलट इंजिन मंद केलं आणि बोट बाजूला ठेवली. रात्रभर खोल समुद्रात शिकार करून ते सकाळी या उथळ पाण्यात विसाव्याला येतात, त्यांना झोपू द्या, असं तुम्ही सांगितलंत. थोड्या वेळानं त्यांच्यातला एक आपणहून जवळ आला, उडी मारून हवेत गिरकी घेऊन गेला. मला तेव्हा वाटलं, या माणसाच्या बोटीवर आपल्याला कुणी हात लावणार नाही.

मग शीड चढलं. इंजिन बंद झाल्यावरची ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली: दोर करकरतोय, पाणी पोटाखालून सळसळत जातंय आणि लांब प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटतायत. तो कडा बाहेरच्या लाटा अडवतो म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं असतं, हे तुम्ही बोटानं ती पांढरी रेघ दाखवून समजावलंत. समोर ल मॉर्नचा डोंगर उभा. पळून आलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे, हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता.

‘अगं, इकडं बघ तरी,’ असं हे मला म्हणाले आणि तुम्ही सुकाणूवरून मान वळवलीत. ‘मराठी?’ मग सगळं निघालं. तुमच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले, घरी क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला आरती मराठीतच होते. आणि भर समुद्रात तुम्ही ती अख्खी म्हणून दाखवलीत, एक शब्द न गाळता. यांचे डोळे भरून आले होते. ते तुमच्यासमोर बोलले नाहीत, म्हणून मी सांगतेय.

बाकीची मंडळी पाण्यात उतरल्यावर मी म्हणाले, मला भीती वाटते. तुम्ही ‘का’ विचारलं नाहीत. तुम्ही एक बादली आणलीत.

दादा, त्या बादलीसाठी हे पत्र आहे. समुद्राच्या पाण्यानं भरलेली साधी प्लॅस्टिकची बादली माझ्यासमोर ठेवून तुम्ही खाली मांडी घातलीत. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळायची म्हणजे वाफ धरत नाही. केसाची एक बट जरी कडेखाली राहिली तरी पाणी आत येतं. नाक विसरायचं, तोंडानंच श्वास घ्यायचा. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकायचं. हे मला कळेना, तेव्हा मीच म्हणाले, म्हणजे फुंकणीनं चूल फुंकतात तसं? तुम्हाला फुंकणी हा शब्द माहीत नव्हता, पण मी करून दाखवलं तसे तुम्ही हसलात, ‘चांगलं!’ म्हणालात. मी बादलीत तोंड घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. किती वेळा ते मी मोजलं नाही, तुम्हीही मोजलं नाही.

मग मागच्या पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात. मग कमरेपर्यंत. दर वेळी तुम्ही ‘दुस्मा, दुस्मा’ म्हणायचात आणि मग स्वतःच मराठी करायचात, ‘हळू, ताई, हळू.’ तरंगणारं कडं दिलंत, त्याला दोर बांधलात आणि दोराचं टोक माझ्याच हातात ठेवलंत. ओढायचं असेल तेव्हा तुम्ही ओढा, म्हणालात. तुम्ही हातभर अंतरावर पोहत राहिलात. पाठीवर हात नाही.

मी तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा माझाच श्वास ऐकला. मग खाली दिसलं. हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, साळिंदरासारखे लांब काट्यांचे काळे समुद्रजीव कपारीत बसलेले. एक निळा-हिरवा मासा चोचीसारख्या तोंडानं प्रवाळ कुरतडत होता आणि ते कुरतडणं चक्क ऐकू येत होतं, कुणी शेजारी बसून फुटाणे खावेत तसं. तो पोपटमासा, आणि त्याच्या पोटातून गेलेल्या प्रवाळाची रेती होते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. काही फांद्या पांढऱ्याफटक होत्या. मला त्या सुंदर वाटल्या होत्या. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं, त्यावरच ते जगतं आणि त्याचाच त्याला रंग असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा वाईट वाटलं. पाय टेकायचा नाही, हे बजावून का सांगत होता ते कळलं.

तेवढ्यात शेजारी हे आले. मास्कमधून त्यांचे डोळे दिसत होते. तीस वर्षांत आम्ही दोघं एकत्र पाण्यात कधीच नव्हतो. नदीवर गेलं की मी काठावर त्यांचे कपडे सांभाळायची. त्यांनी हात पुढं केला, धरला नाही, नुसता पुढं केला. ते तुमच्याकडं पाहून शिकले असावेत. मी दोर सोडला आणि तो हात धरला.

दुपारी इल ओ बेनितिए बेटावर सुरूच्या झाडांखाली बसलो. ती झाडं पाहून आम्हाला अलिबागच आठवलं. तुम्ही स्वतःच्या डब्यातली डाळपुरी आमच्यासमोर ठेवलीत. गूळ नसलेली पुरणपोळी, आत झणझणीत चटणी. तुमच्या घरून निघालेला तो डबा आम्ही अर्धा संपवला, त्याचेही आभार.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. 1834 पासून जवळजवळ पाच लाख माणसं मजुरीच्या करारावर या बेटावर आली, त्यांतली बहुतेक याच घाटानं. त्या दगडी पायऱ्यांवर मी तुमच्या त्या पूर्वजांचा विचार करत बराच वेळ उभी होते. त्यांना बोटीतून उतरताना कुणी ‘हळू’ म्हणालं असेल का?

जानेवारीपासून मी इथल्या पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांच्या वेळेत जाते. अजून खोल बाजूला जात नाही. शिकवणाऱ्या मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं, मला ढकलायचं नाही, मी येईन. परवा एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत आले, आडवी बाजू, पण डोळे मिटून न घेता आणि न थांबता.

तुमच्या घरच्या आरतीच्या पुस्तकाची पानं सुटली आहेत असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होता. मोठ्या अक्षराचं एक नवं पुस्तक आणि लेकीसाठी गोष्टींची तीन पुस्तकं पार्सलनं पाठवतोय. चतुर्थीच्या आधी पोचावीत. पार्सलमध्ये पितळेची एक फुंकणीही आहे, माझ्या आईची. बोटीवर ठेवा.

तुमची,
कराडची ताई