बंद काचा आणि मागच्या सीटवरचा कुत्रा

संपादक महोदय,

सुट्टीतल्या प्रवासाबद्दल भरपूर छापून येते. सोबत नेलेल्या कुत्र्या-मांजरांबद्दल क्वचितच.

निघण्याआधी तीन-चार तास त्यांना पोटभर खायला घालू नये, पाणी मात्र द्यावे. लाळ गळणे, सारखे ओठ चाटणे ही उलटीची पूर्वसूचना. तेव्हाच गाडी थांबवावी. माणसांची औषधे मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

दोरी गळ्यातल्या कॉलरला नव्हे, छातीवरच्या हार्नेसला अडकवावी. करकचून ब्रेक लागला की कॉलरचा सगळा झटका मानेवर येतो. हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. त्याहून सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून सुटतो. मांजराला पेटीच बरी. ती आठवडाभर आधी घरात उघडी ठेवून आत त्याचेच फडके घालावे. आयत्या वेळी कोंबले तर ओरखडे ठरलेले.

सर्वांत घातक सवय म्हणजे ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणत जनावराला बंद गाडीत ठेवणे. बाहेर 21 अंश सेल्सिअस असले तरी उन्हातल्या गाडीत अर्ध्या तासात पारा 40च्या आसपास जातो. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही (ही समजूत का टिकून आहे, कोण जाणे). कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापली की त्याचाही उपयोग होत नाही. हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटू लागले तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तडक पशुवैद्यक गाठावा.

– एक वाचक