हिंगाची डबी फेकायला लावणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, गॅस बंद केलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आता मधेच तोडून दाखवा.

लेकीला सीलिअ‍ॅक आहे (गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, असा आजार) हे कळलं, त्या आठवड्यात मी कणीक, रवा, मैदा, शेवया सगळं घराबाहेर काढलं. गहू नको, जव नको, राय नको (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, थंडीतलं एक धान्य आहे, हे सासूबाईंना तीनदा सांगावं लागलं). मला वाटलं, यात काय अवघड? ज्वारीची भाकरी आहे, तांदूळ आहे. वरई, साबुदाणा, राजगिरा म्हणजे आपलं उपासाचं कपाटच तिच्या कामाचं. इथे अमेरिकेत, कोलंबसमधल्या इतर आयांपेक्षा मी दोन पावलं पुढेच, अशा तोऱ्यात होते मी.

तो तोरा शाळेतल्या स्लॉपी जोने, म्हणजे गोड-आंबट सॉसमधला खिमा भरलेल्या बनने, उतरवला. त्या दिवशी अख्खी तिसरी हनुवटीपर्यंत सॉस माखून घेत होती आणि माझी लेक कोपऱ्यात डबा उघडून भाकरीचे तुकडे मोडत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मलापण सांडून खायचंय." यावर मी काय बोलणार?

केला घरी. टर्कीचा खिमा आणला, कांदा परतला, आणि सवयीने आलं-लसूण, गरम मसाला, वर कोथिंबीर. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "आई, हा खिमा-पाव आहे." पाव तर धड पावही नव्हता. फ्रीझरमधला ग्लूटेन-फ्री बन हातात येताच भुगा झाला होता.

तेव्हा तुम्हाला फोन केला. बावीस वर्षं इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली सांगलीची बाई दुसरी कोण सापडणार होती? तुम्ही तुमची जाड बुडाची कढई घेऊन आलात, पण गॅस पेटवायच्या आधी माझी कपाटं उघडलीत. खरं सांगते, राग आला होता मला. मग तुम्ही मसाल्याच्या डब्याशेजारची हिंगाची डबी उचललीत, चष्मा वर सरकवलात आणि डबी माझ्या हातात दिलीत. "वाच."

गव्हाचं पीठ. रोजच्या फोडणीत, रोजच्या आमटीत मी चिमूट चिमूट गहू घालत होते. खडा हिंग तीव्र असतो, म्हणून डबीतल्या हिंगात पीठ मिसळतात आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. परक्या पदार्थांची लेबलं मी भिंग लावून वाचत होते आणि आपल्या डबीकडे वळूनही पाहिलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही टोस्टर बाजूला काढलात, पास्ता निथळायची चाळणी काढलीत आणि शेवटी आईने दिलेलं लाकडी पोळपाट-लाटणं. लाकडाच्या चिरांत पीठ बसतं, ते धुऊन जात नाही, म्हणालात. ते आता दिवाणखान्यात शोभेला आहे. सहा महिने पथ्य पाळूनही तिच्या रक्तातला अँटिबॉडीजचा आकडा हवा तसा उतरत नव्हता. त्यात हिंगाचा वाटा किती, लाटण्याचा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, एवढं खरं.

आणि मग कुठे कढई गॅसवर चढली. एक पौंड टर्कीचा खिमा, एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या. पाऊण कप केचप, चमचाभर ब्राउन शुगर, थोडी पिवळी मस्टर्ड, एक मोठा चमचा वुस्टरशर सॉस. मसाल्याच्या डब्याकडे माझा हात गेला तेव्हा तुम्ही हातावर चापट मारलीत. "गोड-आंबटच लागायला पाहिजे. मुलांना ती चव हवी असते, तुझी नको." पाणी आटून, उलथनं फिरवल्यावर मागे वाट उरली पाहिजे, ही तुमची खूण. पातळ राहिलं तर ग्लूटेन-फ्री बन दोन मिनिटांत लगदा होतो. बनाच्या कापलेल्या बाजू लोणी लावून तव्यावर तांबूस करायच्या, म्हणजे रस आत झिरपायला वेळ लागतो. इतकी साधी गोष्ट, आणि कुठल्या पाकिटावर लिहिलेली नाही!

वुस्टरशर सॉसचा धडा तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. माझ्या दिरांनी लंडनहून आणलेली ली अँड पेरिन्सची बाटली तुम्ही दुरूनच नाकारलीत. नाव तेच, पण तिकडच्या सॉसमध्ये माल्ट व्हिनेगर, म्हणजे जव. इथे अमेरिकेत विकतात त्यात साधं पांढरं व्हिनेगर. आणि इथल्या लेबलावर "गहू आहे" ही सूचना नसली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. कारण 2004 च्या कायद्याने गव्हाचं नाव छापायची सक्ती केली, जवाची नाही. ग्लूटेन-फ्री असं छापलेलं असेल तर दहा लाख भागांत ग्लूटेन 20 भागांपेक्षा कमी, हा सरकारी नियम. मी हे वाचून पाठ केलं होतं. तुम्ही बाटली बघून सांगितलंत.

सासूबाईंसाठीची कढई मात्र तुमची खरी करामत. त्या शाकाहारी, आणि त्या सॉसमध्ये मासळी असते हे ऐकून पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "अहो, त्यात चिंचही असते आणि काकवीसारखी मळीही. मग आपण चिंच-गूळच घालू." खिम्याऐवजी अख्खा मसूर, मऊ पण न फुटलेला. सांगलीकडच्या माणसाला मसूर शिजवायला शिकवावं लागत नाही म्हणा. सासूबाईंनी दोन खाल्ले. वर, "जो कोण होता?" असंही विचारलं. आयोवातल्या कुणा जो नावाच्या आचाऱ्याची गोष्ट सांगतात, पण ती गोष्टच. स्लॉपी जोच्या तयार सॉसचा डबा मात्र 1969 पासून दुकानात आहे आणि तुम्ही तो बावीस वर्षांत घरी आणला नाहीत, हे ऐकून त्या फार खूश झाल्या.

बन आता मी घरी करते. पहिली खेप गोवऱ्या झाल्या. तुम्ही फोनवर विचारलंत, "इसबगोल घातलास?" पोट साफ व्हायला घेतात ते इसबगोल पावाच्या पिठात, मला थट्टाच वाटली. पण ग्लूटेनचा चिकटपणा गेला की पीठ बांधून धरायला तेच लागतं. तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, इसबगोल, यीस्ट. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट, हाताने मळायचंच नाही, आणि गरम असताना कापायचं नाही. हा शेवटचा नियम आमच्याकडे अजून कुणी पाळत नाही.

मागच्या महिन्यात लेकीच्या वाढदिवसाला तिच्या वर्गातली सहा मुलं आली होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. टेबलावर सॉस, टेबलाखाली सॉस, गालिचावर सॉस. माझी लेक कोपरापर्यंत माखलेली. एका मुलाने तिसरा मागितला आणि मला तुमची आठवण आली.

तुमची कढई अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी घेऊन येते. रिकामी आणणार नाही, तेव्हा फ्रीजमध्ये जागा करून ठेवा.

तुमची,
मसाल्याच्या डब्याकडे अजूनही हात जाणारी