शेजारी येऊन बसलात त्याबद्दल, आजी, थँक्यू

आजी, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, पण हे सगळं जपानीत लिहायला घेतलं तर माझं पुढच्या जन्मी पूर्ण होईल म्हणून मराठीतच लिहितेय. टोकियोतल्या एदोगावाच्या त्या फुकटच्या शनिवारच्या जपानीच्या क्लासमध्ये सगळे तुम्हाला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणतात, मी मनातल्या मनात आजीच म्हणते.

त्सुकारेरु, म्हणजे थकणं. ही कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ते चिनी अक्षर, माझ्या डोक्यात बसतच नव्हती. पुण्यात भरमसाट फी भरून क्लास केला होता, तिथे बोर्डावर एकदा काढली, १० रेघा, पाठ करा, परीक्षेला येते, चला पुढची. अशीच का असं विचारलं तर म्हणे कांजीला का विचारायचं नसतं. मग काय विचारायचं, फीचा पुढचा हप्ता?

तुम्ही काय केलंत, तर गुडघ्यावर हात टेकून उठलात, टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसलात, कारण समोरून काढलं असतं तर मला उलटं दिसलं असतं. एवढंच. पण इतक्या वर्षांत कुठल्या शिकवणाऱ्याला हे सुचलं नव्हतं हो! सुपरमार्केटच्या जाहिरातीचा पाठकोरा कागद, त्यावर पेन्सिलीने आधी नुसतं छप्पर, यामाइदारे, आजाराचं, ५ रेघांचं. दुखणं, आजारपण सगळं याच्याखाली राहतं म्हणालात. मग आत ५ रेघांची कावा, कातडी. ती अर्थासाठी नाही गं, आवाजासाठी, तिचा उच्चार हि, म्हणून थकवा म्हणजे हिरो, नुकसान म्हणजे हिगाई, त्यातही हीच कातडी, आणि लग्नाच्या रिसेप्शनला हिरोएन म्हणतात त्यातही हीच (आमच्याकडची लग्नं बघता हे दोन्ही हिरो मला एकच वाटतात).

ज्यांना येतं ते बहुतेक वेळा आपल्याला किती येतं तेच दाखवत बसतात. समोरच्याला कुठून दिसतंय हे बघणारी माणसं कमीच, आणि ती पैसे पण घेत नाहीत, काय म्हणायचं आता.

शनिवारी बेसनाचे लाडू आणतेय, साखर कमी घातलीये. आणि हो, काल यासेरुची कांजी बघितली, बारीक होणं, तीसुद्धा त्याच आजाराच्या छपराखाली! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मी तुला हेच तर सांगत असते.