मालवणच्या पाण्यात आमच्या मुलांना प्रवाळावर उभं केलं : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या जानेवारीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे 26 विद्यार्थी घेऊन मालवणला गेले होते. त्यातल्या 19 जणांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात प्रवाळाचे दोन नमुने आहेत, वाळलेले, पांढरेफटक, वर चिठ्ठी डकवलेले. जिवंत प्रवाळ बघायला मिळणार म्हणून पोरांनी दिवाळीपासून पैसे बाजूला काढले होते. काहींनी सुट्टीत द्राक्षबागेत रोजंदारी केली.

सहल ठरवताना आम्हाला सांगितलं होतं, की सकाळी कर्ली खाडीत कांदळवनातून, म्हणजे खारफुटीच्या झाडीतून, कयाकिंग (छोट्या वल्ह्याच्या होडीतून फिरणं), दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्कलिंग (मास्क लावून पाण्याखालचं बघणं) आणि दोन्हीकडे माहिती देणारा गाईड. मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं होतं.

सकाळचे अडीच तास किनाऱ्यावर बसण्यात गेले. खाडीत उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि दोन कयाक चिखलात रुतल्या. जॅकेटं सगळी मोठ्या मापाची. एकाची पट्टी तुटली होती, ती सुतळीने बांधून दिली. 26 जणांमागे दोन गाईड, आणि तेही पार पुढे निघून गेलेले. तिवराची मुळं चिखलातून वर का आली आहेत, कांदळाचं बी झाडावरच कसं रुजतं, हे मी माझ्या कयाकमधून ओरडून सांगत होते. मागच्यांपर्यंत अर्धंही पोचलं नसेल.

पण हे पत्र खाडीसाठी लिहीत नाही, दुपारसाठी लिहिते आहे.

दुपारी पाणी गढूळ होतं. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. ते आधी कोणी सांगितलं नाही. आठ मास्क होते. एकाचा काढून, समुद्राच्याच पाण्यात बुचकळून दुसऱ्याला. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं. मासे जवळ यावेत म्हणून गाईडने बिस्किटांचा चुरा टाकला, काळे-पिवळे पट्टेवाले मासे झुंबड करून आले, त्यांचा व्हिडिओ निघाला. मग फोटोसाठी गाईड म्हणाला, "खाली दगड आहे, त्यावर उभे राहा." चौघं उभे राहिले. पाचवी मुलगी पाय वर घेऊन, ट्यूबला दोन्ही हातांनी धरून तरंगत राहिली. तिला पोहता येत नव्हतं, भीतीने थरथरत होती, पण पाय टेकवेना. मला म्हणाली, "मॅडम, हा दगड नाही. आपल्या कपाटातला आहे तो."

खरंच तो दगड नव्हता.

साहेब, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्रफळ अवघं 29.12 चौरस किलोमीटर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ताडोबात कोणी पर्यटकाला जिप्सीतून उतरवून वाघाच्या पिल्लाशेजारी उभं करील का?

त्या गाईडवर माझा राग नाही. वीस-एकवीस वर्षांचा तिथलाच मुलगा, पाण्यात उतरला की बघत राहावं असा. मी बोलले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, आमका कोणी ह्या शिकवूकच नाय," म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणली. 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले, तेव्हा बोटींच्या तपासणीची चर्चा झाली. ती हवीच. पण बोटींचं मेरीटाइम बोर्ड बघतं, अभयारण्याचं वन खातं. पर्यटकाला पाण्यात उतरवणाऱ्या माणसाला काय येतं, हे मात्र तुमच्या खात्याने बघायचं आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, झाड न् झाड ओळखून. म्हणजे जिल्ह्यातली माणसं हे करू शकतात, कोणीतरी मनापासून शिकवायला हवं.

तारकर्लीत पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात तीन महिने जलक्रीडा बंद असतात, तेव्हा ही मुलं घरीच असतात. त्या काळात त्यांना तिथे मालवणीतून शिकवा : प्रवाळ कसं ओळखायचं, बिस्किटं का टाकायची नाहीत, मोठा गट कसा सांभाळायचा. शिकण्याच्या दिवसांचं विद्यावेतन द्या, नाहीतर कोणी येणार नाही. विद्यार्थ्यांच्या गटासोबत असा शिकलेला गाईड असल्याशिवाय पाण्यात उतरवायची परवानगी देऊ नका. आणि पाणी गढूळ असेल तर तसं सकाळीच सांगून पैसे परत करण्याची अट नोंदणीतच घाला.

मी पैसे परत मागत नाही. येत्या जानेवारीत पुढची तुकडी घेऊन पुन्हा मालवणलाच येणार आहे. पाय वर घेऊन तरंगलेली ती मुलगीही येते म्हणाली आहे. तोवर ओढ्याच्या बंधाऱ्यात ती पोहायला शिकते आहे.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका