मंत्रिमहोदय, दंडाला पट्टाही बांधायला सांगा

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

माझ्या फाइलमध्ये अकरा वर्षांचे साखरेचे रिपोर्ट आहेत. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तीन महिन्यांची सरासरी, सगळं तारखेनुसार लावलेलं. रक्तदाबाच्या नोंदी मात्र चारच, आणि कोलेस्टेरॉलची एक. तीही छातीत दुखून दाखल झालो तेव्हाची. फाइल चाळणारे डॉक्टर म्हणाले, "साखर छान ठेवलीय हो तुम्ही!" हसावं की रडावं कळेना.

यात मी कुणा डॉक्टरला दोष देत नाही. तपासणीच्या कार्डावर जे रकाने छापलेले असतात तेच भरले जातात, आणि कार्ड तुमच्या खात्याकडून छापून येतं.

टाइप टू मधुमेह सहसा एकटा येत नाही. पोटात आणि यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग यकृत ट्रायग्लिसराइड नावाची चरबी रक्तात ओतत राहतं, एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि दाब चढतो. एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा रिपोर्टवर बरा दिसला तरी फसायला होतं, कारण त्याचे कण बारीक आणि घट्ट झालेले असतात. या सगळ्याचा धागा इन्सुलिन-प्रतिरोधाशी जुळतो, हे अमेरिकी डॉक्टर-संशोधक जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्येच मांडलं होतं.

ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या मधुमेहींच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. साखर काटेकोर ठेवल्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी घटले; हृदयविकाराच्या झटक्यांतली घट मात्र ठामपणे सिद्ध झाली नाही. त्याच अभ्यासात काही जणांचा रक्तदाब सरासरी 144/82 वर आणला, तर बाकीच्यांचा 154/87 राहिला. एवढ्या फरकाने पक्षाघात 44 टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू 32 टक्क्यांनी कमी झाले. डेन्मार्कमध्ये 160 रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, दाब आणि रक्तातली चरबी एकदमच हाताळली. एकवीस वर्षांनी पाहिलं, तर त्या गटाचं आयुष्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे आठ वर्षांनी वाढलं होतं.

वजनाचं तर विचारूच नका. "वजन कमी करा" हे वाक्य पेशंट दारापर्यंत पोहोचल्यावर पाठमोरं ऐकू येतं. त्यातून मधुमेहाची काही औषधं, अगदी इन्सुलिनसुद्धा, वजन वाढवतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःच्या जिभेलाच दोष देत बसलो. ब्रिटनमधल्याच 2017 च्या एका अभ्यासात आखीव आहार आणि नियमित पाठपुरावा मिळालेल्या रुग्णांपैकी 46 टक्के वर्षभरात औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर आले. त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हे खरं. पण त्यांना नुसता सल्ला नव्हे, सोबत मिळाली होती.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर. वर्षातून एकदा तरी कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडांची तब्येत सांगणारं लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन आणि दाबाच्या गोळ्या साखरेच्या गोळ्यांच्याच खिडकीवर मिळाव्यात. ही काही नवलाईची औषधं नाहीत. आणि "किती जणांची साखर आटोक्यात" एवढ्यावरच केंद्राची पाठ थोपटू नका, साखर, दाब आणि कोलेस्टेरॉल असे तिन्ही आकडे मागा.

माझं कार्ड सोबत जोडलं आहे. रक्तदाबाचा रकाना मी पेनने आखून घेतला आहे.

आपला,
एक मधुमेही नागरिक